एअर फ्रायरमध्ये चिकन भरलेले बन: न फुटणारे, आत कच्चे न राहणारे

चिकन भरलेले बन बिघडतात ते बहुतेक वेळा एअर फ्रायरमध्ये जाण्याआधीच. सारण ओलसर राहिलेलं असतं, नाहीतर कोमट असतानाच भरलेलं असतं. मग तोंड नीट बंद होत नाही, भाजताना शिवण उकलते, रस खाली गळून जळतो आणि आतली पारी चिकट राहते. तापमान आणि मिनिटं यांच्यावर लोक फार डोकं घालतात, पण खरा भर सारणावर द्यायला हवा. सारण कोरडं आणि थंडगार असेल, तर पुढचं काम अगदी सोपं आहे.

खालच्या मापात १२ छोटे बन होतात. शक्य असेल तर वजनकाटा वापरा. वाटीच्या मापात मैदा कधी दाबून भरला जातो, कधी सैल, आणि पीठ सैल-घट्ट होण्याचं ते पहिलं कारण. इथे छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली.

सारण

बोनलेस चिकन ३०० ग्रॅम, बारीक चिरलेला कांदा १२० ग्रॅम (एक मध्यम-मोठा), तेल १ मोठा चमचा, आलं आणि लसूण वाटून प्रत्येकी १ छोटा चमचा, लाल तिखट १ छोटा चमचा, मिरपूड अर्धा छोटा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, मैदा १ मोठा चमचा, दूध ६० मिली, मूठभर चिरलेली कोथिंबीर. चीज घालायचं असेल तर मोझरेलाचे ५-५ ग्रॅमचे १२ तुकडे. पाण्यात ठेवलेलं मऊ, ताजं मोझरेला इथे चालत नाही, ते पाणी सोडतं. घट्ट, कोरड्या प्रकारचंच घ्या.

चिकन मांडीचं घ्यावं. छातीच्या मांसात चरबी कमी असते. ते एकदा परतताना आणि एकदा भाजताना असं दोनदा तापतं आणि भुसभुशीत होतं. छातीचंच असेल तर शिजताक्षणी आचेवरून उतरवा. खिमाही चालतो, फक्त परतताना त्याच्या गुठळ्या मोडत राहा. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. धुण्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. कागदाने टिपून घेतलं की पुरे. पाट, सुरी आणि हात मात्र लगेच साबणाने धुवा, कारण त्याच ओट्यावर थोड्या वेळाने पीठ मळायचं आहे.

चिकनचे १ सेंटीमीटरचे तुकडे करा. याहून मोठा तुकडा तोंड बंद करताना पारीला आतून टोचतो आणि नेमकं तिथेच भोक पडतं. पसरट कढईत तेल तापवून कांदा मध्यम आचेवर ६ ते ७ मिनिटं परता. तो नुसता पारदर्शक होऊन पुरत नाही, कडा सोनेरी दिसायला हव्यात. अर्धवट परतलेला कांदा उरलेलं पाणी बनच्या आत सोडतो. आलं-लसूण घालून अर्धा मिनिट, मग चिकन, तिखट, मिरपूड, मीठ. आता आच वाढवा आणि झाकण अजिबात ठेवू नका. दोन-तीन मिनिटांत चिकनला पाणी सुटेल. ते आटून तेलाचा चरचर आवाज पुन्हा येईपर्यंत, म्हणजे साधारण ७ ते ८ मिनिटं, परतत राहा.

मग वरून मैदा भुरभुरवा, मिनिटभर परता आणि दूध थोडं थोडं ओतत ढवळा. मिनिट-दीड मिनिटात तुकड्यांना दाट लेप धरतो. ही पायरी गाळू नका. उरलासुरला रस मैदा धरून ठेवतो, सारण एकजीव राहतं आणि गार झाल्यावर त्याचे गोळे वळता येतात. पाहायचं कसं? कढईच्या तळातून चमच्याने एक रेघ ओढा. रेघेत पाणी परत आलं तर आणखी आटवायचं आहे, रेघ कोरडी राहिली तर सारण झालं. चव किंचित चढी ठेवा, कारण भोवतीचं पीठ तिखट-मीठ बोथट करतं.

आधी शिजवलेलं किंवा भाजलेलं चिकन उरलं असेल, तर त्याचे २२० ग्रॅम रेषे काढून मैदा-दुधाच्या पायरीला मिसळा.

सारण कच्चं भरून एअर फ्रायरमध्येच शिजवायचा मोह होतो. तो टाळा. चिकन खाण्याजोगं होण्यासाठी मध्यभागी ७४ अंश सेल्सियस तापमान यायला हवं. पीठ हे उष्णता हळू आत नेणारं वेष्टण आहे. बाहेरची पारी १० मिनिटांत तांबूस होते, त्या वेळात कच्चं सारण भरवशाने शिजत नाही. शिवाय कच्च्या मांसाचा सगळा रस आतच सुटतो आणि पिठात मुरतो.

तयार सारण पसरट ताटात पातळ थरात पसरा. वाफ निघून गेली की झाकून फ्रिजमध्ये ३० ते ४० मिनिटं ठेवा. बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका. कोमट सारण भरलं तर पिठातलं लोणी वितळतं, यीस्ट त्या एकाच जागी जोरात काम करू लागतं आणि पारी तळाशी चिकट होऊन फाटते. फ्रिजमधून काढल्यावर सारणाचे २५-२५ ग्रॅमचे १२ गोळे वळा आणि प्रत्येकाच्या पोटात चीजचा एक तुकडा दाबा. असं केलं की चीज सारणाच्या आत राहतं, शिवणीपाशी येऊन बाहेर पळत नाही.

पीठ

मैदा २५० ग्रॅम, कोमट दूध ८० मिली, पाणी ७५ मिली, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम (सव्वा छोटा चमचा), साखर १ मोठा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, मऊ लोणी २० ग्रॅम.

दूध-पाणी बोटाला जेमतेम कोमट लागलं पाहिजे, म्हणजे साधारण ३७ ते ४० अंश. चटका बसेल इतकं गरम असेल तर यीस्ट मरतं आणि मग कितीही थांबलात तरी पीठ फुगत नाही. इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळता येतं. दाणेदार ड्राय यीस्ट असेल, तर ते साखर घातलेल्या कोमट दुधात १० मिनिटं भिजवा. वर फेस आला नाही तर ते यीस्ट फेकून द्या आणि नवं पाकीट उघडा. मैदा घालून पुढे रेटण्यात अर्थ नाही.

लोणी सोडून सगळं एकत्र करून मळायला घ्या. दोन मिनिटांत गोळा जमला की लोणी घाला. पहिली काही मिनिटं पीठ हाताला चिकटेल, तेव्हा वरून मैदा टाकत बसू नका. ८ ते १० मिनिटं नीट तिंबलं की चिकटपणा आपोआप जातो. पिठाचा छोटा गोळा बोटांनी ताणून पाहा. न फाटता पातळ पडद्यासारखा ताणला गेला की मळणं झालं. भरायच्या पिठाला ही ताण हवीच, कमी मळलेली पारी फुगताना तडकते.

तेलाचा हात लावलेल्या भांड्यात गोळा झाकून ठेवा. खोलीत २६ ते २८ अंश असतील तर ६० ते ७५ मिनिटांत पीठ दुप्पट होईल. गारठ्यात दीड-दोन तासही लागतात. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. बोटाला मैदा लावून पिठात खड्डा पाडा. खड्डा हळूहळू थोडासा भरून आला तर पीठ तयार. लगेच उसळून भरला तर आणखी वेळ द्या. भरलाच नाही आणि पीठ बसलं, तर ते जास्त फुगलं आहे. तेव्हा ते पुन्हा हलकं मळा, १५ मिनिटं विसावू द्या आणि मग वापरा.

वेळ नसेल तर दह्याचं पीठ करा. मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा आणि पाणी निथळलेलं घट्ट दही १७० ग्रॅम. एकत्र करून मिनिटभरच मळा आणि १५ मिनिटं झाकून ठेवा. पातळ दही घेतलं तर पीठ सैल होतं आणि मैदा वाढवावा लागतो, मग पारी निबर होते. बेकिंग पावडर ओली होताच काम सुरू करते, त्यामुळे हे पीठ मळून तासन्‌तास ठेवायचं नाही. याचे १० उंडे होतील. याला फार ताण नसते, म्हणून गोल बनपेक्षा दुमडून केलेला अर्धचंद्र बरा. चव चांगली लागते, पण यीस्टच्या पिठाचा हलकेपणा त्यात येत नाही, आणि गार झाल्यावर ते लवकर कडक होतं. गरमागरमच खायचं.

भरणं आणि तोंड बंद करणं

यीस्टच्या पिठातली हवा हलक्या हाताने काढून ३६-३७ ग्रॅमचे १२ उंडे करा. उंडे गोल वळून झाकून १० मिनिटं विसावू द्या. न विसावलेलं पीठ लाटलं की पुन्हा आक्रसतं आणि ओढाताण करावी लागते.

लाटताना कोरडा मैदा शक्य तितका कमी वापरा. पारी साधारण १० सेंटीमीटर व्यासाची, मध्ये जाड आणि कडेला पातळ हवी. लाटणं मध्यापर्यंत न नेता फक्त कडेवर फिरवत उंडा वळवत राहिलात की अशी पारी होते. कारण साधं आहे. तोंड बंद करताना सगळ्या कडा एका ठिकाणी गोळा होतात. त्या जाड असतील तर तळाशी पिठाचा मोठा गोळा जमतो, आणि बन कच्चा लागतो तो नेमका तिथेच.

सारणाचा गोळा मध्ये ठेवा. कडेला तेल, सारण किंवा कोरडा मैदा लागता कामा नये. तेल लागलेल्या कडा कितीही चिमटल्या तरी भाजताना सुटतात. बोट लागलंच तर तेवढी कड ओल्या फडक्याने पुसून घ्या. समोरासमोरच्या कडा आधी मध्यावर आणून चिमटा, मग उरलेल्या चुण्या गोळा करत पूर्ण बंद करा आणि टोक पिळून दाबा. शिवण खाली ठेवून तळहाताखाली एकदोनदा फिरवला की बन गोल होतो. यीस्टचं पीठ स्वतःला चिकटतं, त्याला पाणी लावायची गरज पडत नाही. दह्याच्या पिठाच्या अर्धचंद्राला मात्र अर्ध्या कडेवर ओलं बोट फिरवा, दुमडा, आतली हवा सारणाकडून कडेकडे दाबत बाहेर काढा आणि मुरड घाला किंवा काट्याने दाबा. वर सुरीच्या टोकाने एक बारीक छिद्र पाडा. वाफेला वाट दिली नाही तर ती स्वतः वाट काढते, आणि ती कडेतूनच निघते.

भरलेले बन बेकिंग पेपरच्या छोट्या चौकोनांवर ठेवून झाकून २० ते २५ मिनिटं पुन्हा फुगू द्या. इथे दुप्पट होईपर्यंत थांबायचं नाही. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळू भरून आला की पुरे. जास्त फुगवलं तर वरची पारी पातळ होते, सारण तळाशी बसतं आणि भाजल्यावर वर पोकळी दिसते.

एका वेळी सगळे बन टोपलीत मावणार नाहीत. ४ ते ५ लिटरच्या टोपलीत ५-६ बसतात. म्हणून पहिला घाणा बाहेर फुगायला ठेवा आणि बाकीचे झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. नाहीतर शेवटचा घाणा आत जाईपर्यंत तासभर फुगत बसतो आणि तेच बन सगळ्यात आधी फुटतात.

भाजणं

एअर फ्रायर म्हणजे वर तापणारी तार आणि पंखा असलेली छोटी भट्टी. उष्णता वरून येते आणि वारा ती वेगाने पसरवतो, त्यामुळे पिठाचा वरचा भाग फार लवकर रंगतो. म्हणूनच पाकिटांवर दिसणारं १८० किंवा २०० अंशांचं तापमान या बनला चालत नाही. पाच मिनिटांत वर तपकिरी, आत चिकट असा प्रकार होतो. ओव्हनसाठी लिहिलेली कृती एअर फ्रायरमध्ये करताना २० अंश कमी धरा.

रिकामा एअर फ्रायर १६० अंशांवर ३ मिनिटं तापवा. रिकाम्या टोपलीत कागद घालून मात्र कधीही तापवू नका. वजन नसलेला कागद वाऱ्याने उडून वरच्या तारेला चिकटतो आणि पेटू शकतो. मेणाचा कागदही नको, तो वितळतो. बनखालचा चौकोन बनपेक्षा जेमतेम मोठा असावा. टोपलीची सगळी भोकं झाकली गेली तर खालून हवा फिरत नाही आणि बूड पांढरं राहतं.

एक अंडं आणि १ मोठा चमचा दूध फेटून बनवर पातळ हात फिरवा. अंडं नको असेल तर नुसतं दूध चालेल, फक्त चकाकी कमी येते. कडेने ओघळ खाली जाऊ देऊ नका, नाहीतर बन कागदाला चिकटून बसतो. तीळ लावायचे असतील तर ते अंड्याच्या ओल्या थरावर बोटाने दाबा. नुसते भुरभुरवलेले तीळ पंख्याच्या वाऱ्याने उडून टोपलीभर होतात. टोपलीला तेल ब्रशने लावा. डब्यातून फवारायच्या काही तेलांत लेसिथिन असतं, त्याचा चिवट थर न चिकटणाऱ्या लेपावर बसतो आणि निघता निघत नाही.

दोन बनांमध्ये २ सेंटीमीटर जागा सोडून ठेवा. १६० अंशांवर ९ मिनिटं भाजा. मग कागद काढून बन उलटे करा आणि २ ते ३ मिनिटं बूड रंगू द्या. उलटायची घाई करू नका. सहाव्या-सातव्या मिनिटाला पारी अजून मऊ असते आणि चिमट्याने दबते. दह्याच्या पिठाला १७० अंशांवर ९ ते ११ मिनिटं लागतात, आणि उलटणं सातव्या मिनिटाला. दुसरा घाणा तापलेल्या टोपलीत जातो, तो साधारण मिनिटभर आधी होतो, तेव्हा शेवटी लक्ष ठेवा. फ्रिजमधून काढलेले बन आधी १०-१५ मिनिटं बाहेर राहू द्यायचे, हे विसरू नका.

झाला का ते कसं ओळखायचं? मांसाचा थर्मामीटर असेल तर कडेने मध्यापर्यंत खुपसा, ७४ अंश किंवा वर दिसायला हवेत. नसेल तर पहिल्या घाण्यातला एक बन मधोमध कापा. सारणातून वाफ यायला हवी आणि शिवणीजवळचं पीठ कापसासारखं सुटायला हवं. तिथे राखाडी, लकाकणारा पट्टा दिसला तर ते पीठ कच्चं आहे. उरलेले १५० अंशांवर आणखी ३ मिनिटं ठेवा.

बाहेर काढल्यावर ताटात नाही, जाळीवर ठेवा. ताटात खालची वाफ अडकून बूड ओलं होतं. वरून लोण्याचा हलका हात फिरवून ५ मिनिटं सुती फडक्याने झाका, कवच मऊ होईल. कुरकुरीत हवं असेल तर झाकू नका. चीज असलेला बन लगेच फोडू नका, वितळलेल्या चीजने तोंड भाजतं.

काही बिघडलंच तर

फुटलेला बन उलटा करून पाहा. शिवणीतून फुटला असेल तर कडेला तेल लागलं होतं किंवा पीळ सैल होता. वरून फुटला असेल तर पीठ एकतर कमी फुगलं होतं किंवा मध्ये पातळ लाटलं होतं. दोन्हीवर तापमान वाढवणं हा उपाय नाही.

वर गडद आणि बूड पांढरं असेल तर तापमान १० अंश कमी करा, वेळ २ मिनिटं वाढवा आणि खालचा कागद छोटा करा. उंच फुगलेला बन तारेच्या अगदी जवळ जात असेल, तर तो आकाराने लहान करण्याशिवाय इलाज नाही. कवच दगडासारखं झालं तर बहुतेक वेळा लाटताना मैदा जास्त गेला आहे किंवा कमी तापमानावर फार वेळ भाजलं आहे. फार वेळ वारा लागला की पीठ वाळतंच. सारण कोरडंठाक लागत असेल तर पुढच्या वेळी दूध ६० ऐवजी ८० मिली घ्या. चिकन परतताना पाणी ठेवून ओलावा वाढवायला जाऊ नका, ते पाणी पिठात जातं. दुधाचा ओलावा मैदा धरून ठेवतो, हा फरक आहे.

आधी करून ठेवायचे असतील तर

सारण आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तर उलट सोयीचंच. भरलेले कच्चे बन फ्रीझरमध्ये ठेवणं मात्र पटत नाही. थंडीत यीस्टचा जोर कमी होतो आणि वितळताना सारणाचं पाणी तळाच्या पारीत उतरतं. त्यापेक्षा पूर्ण भाजा, पण रंग फिकाच ठेवा. जाळीवर गार होताच, दोन तासांच्या आत, ताटात सुटे मांडून गोठवा आणि घट्ट झाले की पिशवीत हवा काढून भरा. महिनाभर चव चांगली राहते. गोठलेला बन न वितळवता १५० अंशांवर १२ ते १४ मिनिटं गरम करा. पहिली ८ मिनिटं वर ॲल्युमिनियम फॉइलची टोपी घट्ट बसवा, म्हणजे रंग जास्त चढणार नाही. फॉइलही सैल राहिली तर उडते, म्हणून कडा बनखाली दुमडा. फ्रिजमधले बन तीन दिवसांत संपवा. १५० अंशांवर ५ ते ६ मिनिटांत ते आतपर्यंत वाफाळते गरम होतात. एकदा गरम केलेला बन पुन्हा गार करून तिसऱ्यांदा गरम करू नका, तेवढेच काढा जेवढे खायचे आहेत.